पीअर कोच: व्यसनातून सावरणाऱ्याच्या सोबतीला कोण, कसं आणि किती?

पाऊलखूण (धागाकर्ता)

दारू सोडून मला बरीच वर्षं झाली. सध्या एका व्यसनमुक्ती केंद्राबरोबर पीअर कोच म्हणून काम करतो. स्वतः व्यसनातून बाहेर आलेला आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, नुकत्याच सावरू लागलेल्या दुसऱ्याच्या सोबत राहतो, ते हे काम. "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" हे इतके जण विचारतात की एकदा नीट लिहावंसं वाटलं. ज्यांच्या घरात हा विषय आहे त्यांनी आणि ज्यांना हे काम करावंसं वाटतं त्यांनीही मोकळेपणी विचारा.

आधी मी काय करत नाही ते सांगतो. औषधं देत नाही, बंद करायला सांगत नाही, डोस बदलायला तर कधीच सांगत नाही. निदान करत नाही. लहानपणीच्या जखमा उकरत नाही, ते समुपदेशकाचं काम आणि त्याला त्याचं शिक्षण लागतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (दारू सोडू पाहणाऱ्यांचा, मीटिंग भरवणारा परस्पर-मदतीचा गट) यातला स्पॉन्सर, म्हणजे जुना सदस्य, त्या गटाच्या ठरलेल्या बारा पायऱ्यांमधून हाताला धरून नेतो. माझ्याकडे अशी एकच ठरलेली वाट नसते. कुणी मीटिंगला जातो, कुणी प्रार्थना करतो, कुणी डॉक्टरांच्या गोळ्यांवर असतो, कुणाला यातलं काहीच नको असतं. त्याने निवडलेल्या वाटेवर तो टिकावा, एवढंच माझं काम.

लोकांना वाटतं, अवघड काय ते पहिले आठ-दहा दिवस. शरीराच्या दृष्टीने ते खरं आहे. पण माणसं पुन्हा घसरतात ती बहुतेकदा त्यानंतर. केंद्रातून घरी येतो त्या दिवशी सगळे खूश असतात. महिन्याभराने हाच माणूस घरात गप्प बसलेला असतो. झोप तुटक, चिडचिड, कशातच मन लागत नाही. घरचे म्हणतात, आता तर पीत नाहीस, मग तोंड पाडून का बसलायस? त्याच्याकडे उत्तर नसतं. इतकी वर्षं मेंदूला सुखाचा मोठा झटका बाहेरून मिळत होता. आता साध्या साध्या गोष्टींतून बरं वाटायला मेंदूला वेळ लागतो, काही आठवडे, काहींना कित्येक महिने. "हे असंच असतं, मलाही असंच झालं होतं, आणि हे ओसरतं" हे सांगणारं माणूस त्या काळात जवळ असलं तर फार फरक पडतो. डॉक्टरही हेच सांगतात. पण त्या काळातून स्वतः गेलेल्या माणसाने सांगितलेलं वेगळं ऐकू येतं.

भेटीत मी सगळ्यात जास्त विचारतो तो प्रश्न असा: "येत्या आठवड्यात सगळ्यात अवघड वेळ कोणती जाईल?" उत्तरं फार नेमकी येतात. कामावरून सुटल्यानंतरचा पहिला तास. पगाराची संध्याकाळ. घरचे बाहेरगावी गेल्यावरचं रिकामं घर. मग आम्ही त्या एका तासाबद्दल बोलतो. कुठे असशील, सोबत कोण असेल, खिशात पैसे किती ठेवशील, तलफ आली तर पहिला फोन कुणाला. "आयुष्यभर शिवणार नाही" यावर आम्ही बोलतच नाही, कारण त्या बोलण्यातून हाताला काही लागत नाही.

तलफेबद्दल एक गोष्ट प्रत्येकाला सांगतो. ती चढते, शिखराला जाते आणि उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. पिणाऱ्याला हे ठाऊकच नसतं, कारण ती उतरेपर्यंत तो कधी थांबलेलाच नसतो. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी यावरून तलफेच्या लाटेवर तरंगायची पद्धत शिकवली: तिच्याशी झगडायचं नाही, शरीरात ती कुठे जाणवते ते बघत राहायचं, श्वास चालू ठेवायचा. तो अर्धा तास फोनवर कुणी सोबत असेल तर आणखी सोपं.

उरलेलं काम अगदी साधं दिसतं. कागदपत्रं शोधणं, कर्जाची यादी करणं, दातांच्या डॉक्टरकडे सोबत जाणं, नोकरीच्या मुलाखतीआधी एकदा बोलून घेणं. रॉबर्ट ग्रॅनफिल्ड आणि विल्यम क्लाउड या अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक कल्पना मांडली, सावरण्याचं भांडवल. तब्येत, राहायला जागा, हाताला काम, विश्वासाची माणसं, स्वतःबद्दलची थोडीशी आशा, हे सगळं मिळून माणसाचं भांडवल. ते जितकं जास्त तितकं सावरणं टिकण्याची शक्यता जास्त. दोघांचं व्यसन सारखंच असलं, तरी एकाला घर आहे आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांची लढाई सारखी नाही. म्हणून दातांच्या डॉक्टरकडे सोबत जाणंही मी व्यसनमुक्तीचंच काम समजतो.

प्रश्नार्थक

लेख आवडला. तरी दोन शंका आहेत, राग मानू नका. एक, स्वतः पीत होता एवढ्यावर माणूस दुसऱ्याला सोबत करायला लायक ठरतो का? अपघातातून वाचलेल्याला आपण शस्त्रक्रिया करू देत नाही. दोन, याचा उपयोग होतो याला पुरावा काय? अनुभव सगळ्यांकडेच असतात.

जुनाजाणता

प्रश्नार्थक, पहिल्या शंकेबद्दल लिहितो. मी मीटिंगवाला आहे, खूप जुना.

१९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलात उतरला होता. दारू सोडून काही महिने झाले होते. ज्या कामासाठी आला ते फसलेलं, खिसा रिकामा, आणि लॉबीच्या एका टोकाला बार. तो बारमध्ये जाण्याऐवजी टेलिफोनकडे गेला. बोलायला कुणी दुसरा पिणारा मिळेल का, असं विचारत एकामागून एक फोन लावत राहिला. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉ. बॉबने शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ ला. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापना दिवस मानतात.

यात दोन गोष्टी बघा. त्याआधी बिलने कित्येक पिणाऱ्यांना उपदेश केला होता, एकही सुधारला नव्हता. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितलं होतं की उपदेश बंद कर, आधी या आजाराबद्दल बोल. आणि अ‍ॅक्रनमध्ये तो डॉ. बॉबला सुधारायला गेलाच नव्हता. स्वतःचा पाय घसरू नये म्हणून गेला होता. डॉ. बॉबने ऐकलं ते त्यामुळे. समोरचा वरून बोलत नाही, हे पिणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

तेव्हा लायकी पिण्याने येत नाही हे तुमचं खरं. पण "याने मला काही विकायला आणलेलं नाही" हा भरवसा अनुभवाशिवाय येत नाही, हेही तितकंच खरं.

पाऊलखूण

जुनाजाणता, आभार. प्रश्नार्थक, राग कसला, हे विचारायलाच हवं होतं.

अनुभव पुरत नाही, हे मीही मानतो. म्हणूनच प्रशिक्षण असतं, त्यावर देखरेख असते, आणि दर काही दिवसांनी अनुभवी माणसासमोर बसून आपल्या प्रत्येक केसबद्दल बोलावं लागतं. जिथे हे नाही तिथे कोच नाही, नुसता भला माणूस आहे. भल्या माणसाचाही उपयोग होतो, पण त्याच्यावर कुणाचा जीव सोपवू नये.

पुराव्याबद्दल: बारा पायऱ्यांच्या पद्धतीवर २०२० मध्ये कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) मोठा आढावा आला. त्यात २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक माणसं होती. बारा पायऱ्यांशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षअखेरीस पूर्ण दूर राहिलेले सुमारे ४२ टक्के होते. इतर प्रचलित उपचारांत हा आकडा सुमारे ३५ टक्के होता. हा पुरावा परस्पर-मदतीच्या गटांबद्दलचा आहे, पीअर कोचिंगबद्दलचा नाही. कोचिंगवरचे अभ्यास कमी आहेत, आणि प्रत्येकात कोचचं काम वेगवेगळं असल्याने ते शेजारी ठेवून तुलना करणं कठीण जातं. त्यांत जो फायदा पुन्हा पुन्हा दिसतो तो असा: माणूस उपचार सोडून जात नाही, डॉक्टरांशी असलेलं नातं टिकतं. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही. पण व्यसनमुक्तीत उपचार अर्ध्यात सोडणं हाच मोठा रोग असल्याने मला हा फायदा लहान वाटत नाही.

प्रशिक्षणात सगळ्यात कठीण काय जातं, तर सल्ला न देणं. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये पिणाऱ्यांशी बोलण्याची एक वेगळी पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर ती वाढवली. तिचं मर्म असं की बदलायची कारणं आपण सांगायची नाहीत, ती त्याच्या तोंडून यायला हवीत. एक उदाहरण देतो.

"शून्य ते दहामध्ये सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?"
"चार."

इथे आपल्या जिभेवर लगेच येतं, "चारच? घराची काय दशा झालीय बघ!" मग तो पिण्याची बाजू मांडायला लागतो आणि आपण स्वतःच त्याला त्या बाजूला ढकललेलं असतं. विचारायचं ते असं: "चार म्हणालास. एक का नाही म्हणालास?" थोडा वेळ शांतता. मग तो बोलतो. मुलगी जवळ बसत नाही. सकाळी हात थरथरतात. साहेबांनी दुसऱ्यांदा बोलावून सांगितलं. हे सगळं आपल्याला आधीपासून माहीत होतं. पण ते त्याने म्हणायला हवं होतं, कारण आपल्या तोंडून निघालेल्या कारणांवर माणूस जास्त विश्वास ठेवतो.

अनामिका७

मी पत्नी आहे. नवरा दोन वेळा केंद्रात जाऊन आला. आता त्याला कोच मिळालाय आणि फरक दिसतोय, खोटं बोलणार नाही. पण एक सल आहे. तो त्या माणसाशी तासभर बोलतो आणि घरात आल्यावर माझ्याशी "हो", "नाही" एवढंच. मी एकदा कोचला फोन करून विचारलं की हे पीत तर नाहीत ना, तर ते म्हणाले, मी सांगू शकत नाही. इतकी वर्षं रात्र रात्र जागून काढली मी. उलट्या मी काढल्या. कर्ज मी फेडतेय. आणि आता मलाच सांगता येत नाही? त्याला सोबत मिळाली, मला कोण?

पाऊलखूण

ताई, तुमचा राग अगदी योग्य आहे. तुम्ही जे सोसलंत त्याची नोंद कुठल्याच केंद्राच्या फायलीत होत नाही.

त्या कोचने सांगायला नकार दिला, ते त्याच्या कामाला धरून होतं. त्याने तुम्हाला एक शब्द सांगितला आणि हे तुमच्या यजमानांना कळलं, तर पुढच्या खेपेला घसरले की ते कोचपासूनही लपवतील. मग खरं कुठेच उरणार नाही. याला अपवाद एकच, जीव जायची भीती असेल तर: स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचं बोलत असतील, मुलांना धोका असेल. तिथे गुप्तता संपते, आणि हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं असतं.

पण तुम्ही एक मागू शकता. तिघांनी एकत्र बसायचं आणि काय सांगितलं जाईल, काय नाही, हे तुमच्या यजमानांच्या तोंडून ठरवून घ्यायचं. "मी घेतली तर चोवीस तासांच्या आत मी स्वतः तिला सांगेन" असं कबूल करणारे पुष्कळ भेटतात. पाळतात असं नेहमी नाही. पण तुम्हाला वास घेत फिरायला लागणं कमी होतं.

आणि "मला कोण" याचं उत्तर त्यांच्या कोचमध्ये शोधू नका. तुम्हाला तुमचं वेगळं माणूस हवं.

जुनाजाणता

अनामिका७ ताई, बिल विल्सनची पत्नी लोइस हिला अगदी हाच राग आला होता. नवरा दारू सोडतो आणि मग सगळा वेळ दुसऱ्या पिणाऱ्यांना देतो, घरात मी तशीच एकटी. नवरे मीटिंगमध्ये असताना बाहेर थांबलेल्या बायका आपसांत बोलू लागल्या. त्यातून १९५१ मध्ये अल-अ‍ॅनॉन हा कुटुंबीयांचा गट उभा राहिला. तिथे "त्याला कसं सोडवायचं" यावर कुणी बोलत नाही. आपली झोप, आपला पैसा, आपली भीती, यावर बोलतात. नवरा सोबर (दारूपासून दूर) असो नसो, तुम्ही जाऊ शकता. त्यांची परवानगी लागत नाही.

अनामिका७

दोघांचे आभार. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

आणखी एक विचारू का? सासूबाई म्हणतात, पुन्हा सुरू केली तर दारू सोडवायच्या गोळ्या मिळतात, त्या न सांगता जेवणात घालायच्या. ओळखीत एकीने केलंय म्हणे. कोचला विचारायची हिंमत होत नाही.

परिचारिका_न

कृपया हे करू नका, आणि सासूबाईंनाही वाचून दाखवा.

मी व्यसनमुक्ती वॉर्डात नर्स आहे. त्या गोळ्या म्हणजे बहुधा डायसल्फिरॅम. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि यकृत ते पुढे निष्प्रभ करतं. डायसल्फिरॅम ती पुढची पायरीच बंद पाडतं. गोळी घेतलेल्याने दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, श्वास कोंडणं, रक्तदाब खाली. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाचा यात जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही ही प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून हे औषध रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात. गुपचूप दिलेल्या औषधाने घरातला उरलासुरला विश्वासही जातो, ते वेगळंच. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधं आहेत. त्याबद्दल यजमानांना घेऊन डॉक्टरांशी बोला.

कोच वाचत असतील तर त्यांनाही तीन गोष्टी पाठ हव्यात असं माझं मत आहे.

खूप दिवस रोज पिणाऱ्याने किंवा झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांची (बेंझोडायझेपिन) सवय लागलेल्याने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. दारूच्या बाबतीत शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप, दरदरून घाम. अशा वेळी "इच्छाशक्ती ठेव" म्हणणारा कोच धोकादायक आहे. रुग्णालय, लगेच.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांत धोक्याची वेळ उलटी असते. बंद केल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. काही आठवड्यांनी माणूस घसरला आणि जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. नॅलॉक्सोन या औषधाने तो परत सुरू करता येतो, पण त्याचा परिणाम लवकर ओसरू शकतो. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायलाच हवं.

आणि मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या अफूजन्य व्यसनावरच्या औषधांवर असलेल्याला "हे म्हणजे दुसरं व्यसनच, कधी सोडणार?" असं कुणी म्हणू नका. ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्यांच्यामुळे माणसं जिवंत राहतात. मी समोर बघितलंय. काही गटांमध्ये गोळ्या घेणाऱ्याला सोबर मानत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मृद्गंध

मी नवीन कोच आहे. एक माणूस रात्री कधीही फोन करतो. प्यायलेला असतो, रडतो, दोन-दोन तास बोलतो, सकाळी त्याला काही आठवत नाही. नाही उचलला तर त्याने काही करून घेतलं तर, ही भीती. उचलला तर माझी झोप, माझं घर. गेल्या आठवड्यात उसने पैसेही मागितले. देखरेख करणाऱ्या मॅडमशी बोलायला लाज वाटते, त्यांना वाटेल हिला झेपत नाही.

पाऊलखूण

मृद्गंध, मॅडमशी उद्याच बोला. हे सांगण्यासाठीच त्या आहेत. न झेपणाऱ्या गोष्टी गिळून बसलेला कोच काही महिन्यांत दमून जातो, आणि त्याचं स्वतःचं सोबर राहणंही धोक्यात येतं.

फोनबद्दल. प्यायलेल्या माणसाशी दोन तास बोलून काही साधत नाही, ते संभाषण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो शुद्धीत असताना, दिवसा, समोरासमोर ठरवा: अमुक वाजेपर्यंत मी फोन घेईन. प्यायलेला असशील तर सुरक्षित आहेस ना एवढं विचारेन आणि उद्याची वेळ ठरवून ठेवून देईन. जीव द्यावासा वाटत असेल तर हा हेल्पलाइनचा नंबर, हे जवळचं रुग्णालय, आणि तेव्हा मी तुझ्या घरच्यांना कळवणार. हे कागदावर लिहून दोघांनी एक-एक प्रत ठेवा. मग ठरल्याप्रमाणे वागा. पहिल्यांदा फार निष्ठुर वाटेल. पण ज्याच्या आयुष्यात इतकी वर्षं काहीच ठरल्याप्रमाणे झालं नाही, त्याला ठरल्याप्रमाणे वागणारं एक माणूस मिळणं हीसुद्धा मदत आहे.

पैसे नाही म्हणजे नाही. शंभर असोत की हजार, उसने दिले की तुम्ही सावकार होता. तो पैसे चुकवायला तुम्हालाच चुकवू लागतो. तसंच प्यायलेल्याच्या घरी एकटीने जाऊ नका. आणि प्रेमात पडल्यासारखं त्याला वाटू लागलं, किंवा तुम्हाला, तर लगेच दुसऱ्या कोचकडे सोपवा. या काळात माणूस फार हळवा झालेला असतो, आणि त्याला आधार कुणाचा हवा आणि प्रेम कुणावर आहे, यातला फरक त्याला तेव्हा कळत नाही.

जुनाजाणता

अवांतर, पण याच्याशी जोडलेलं. १८४० मध्ये बाल्टिमोरमध्ये सहा पिणाऱ्यांनी मिळून शपथ घेतली आणि वॉशिंग्टोनियन चळवळ सुरू झाली. एकाने आपली कहाणी सांगायची, दुसऱ्याने ऐकून सोडायची. चळवळ वणव्यासारखी पसरली, आणि काही वर्षांतच विरली. शपथ घेतल्यानंतरच्या रोजच्या दिवसांसाठी तिच्याकडे पुरेशी घडी नव्हती, आणि राजकारण आत शिरलं. नुसता कळवळा किती पुरतो ते यात दिसतं. मृद्गंध, मर्यादा घालणं म्हणजे कळवळा कमी असणं नव्हे.

राघू

धागा वाचत होतो, लिहिणार नव्हतो.

काल घेतली. बरेच महिने झाले होते. ऑफिसातून निघालो आणि पाय तिकडे वळले, ठरवलंही नव्हतं. कोचचा सकाळपासून एक मिस्ड कॉल आहे. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं, आता कोणत्या तोंडाने सांगू. एक मन म्हणतंय, सगळे महिने वाया गेलेच आहेत, तर आजही घे, सोमवारपासून बघू.

परिचारिका_न

राघू, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. काल एकच दिवस घेतली की त्याआधीही? आता हात थरथरतायत का, घाम, उलट्या? दुसरं काही घेतलंय का, गोळ्या वगैरे? घरात कुणी आहे का?

राघू

एकच दिवस. थरथर नाही. गोळ्या नाहीत. आई आहे घरी, तिला माहीत नाही.

पाऊलखूण

राघू, इथे लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

"सगळं वाया गेलं, मग आजही घे" हे जे मन म्हणतंय, त्याला नाव आहे आणि त्यावर अभ्यास झालेला आहे. मी वर लिहिलं ते मार्लाट यांनीच हे १९८५ च्या सुमारास सविस्तर मांडलं. एकदा घसरणं ही एक घटना. त्यानंतर येणारी लाज आणि "मी असाच, माझ्याने होणार नाही" हा विचार, ही दुसरी घटना. पहिलीपेक्षा ही दुसरीच माणसाला पुन्हा पूर्ण व्यसनात नेते. म्हणजे निर्णय काल झालेला नाही, आज व्हायचाय.

आणि महिने वाया गेलेले नाहीत. त्या महिन्यांत यकृताला जे बरं वाटलं, जी झोप सुधारली, जे लोक जोडले गेले, ते एका संध्याकाळने पुसलं जात नाही.

कोचला फोन करा. माझं काम हेच आहे म्हणून सांगतो, त्या फोनची वाट बघत असतो आम्ही. घसरल्याचा राग कोचला येत नसतो. माणूस फोन बंद करून नाहीसा होतो तेव्हा मात्र पोटात गोळा येतो. सांगायला वाक्य हवं असेल तर एवढं पुरे: "काल घेतली. आज घ्यायची नाहीये. येता का?"

जुनाजाणता

राघू, आम्ही मीटिंगमध्ये चार गोष्टी तपासायला सांगतो: भूक, राग, एकटेपणा, थकवा. काल ऑफिसातून निघताना यातलं काय काय होतं? उत्तर मला नको, कोचला सांगा.

आज संध्याकाळी त्या रस्त्याने येऊ नका. लांब पडलं तरी चालेल.

राघू

केला फोन. ते येतायत. काही बोलले नाहीत, म्हणाले जेवलास का. दुपारपासून काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं. काल पण नव्हतं.

आईला सांगायचं का ते त्यांच्याशी बोलून ठरवतो.

अनामिका७

राघू, मी आई नाही, पत्नी आहे, तरी सांगते. शक्य झालं तर स्वतः सांगा. आम्हाला बाहेरून कळतं तेव्हा पिण्यापेक्षा लपवण्याचं जास्त लागतं.

प्रश्नार्थक

मी सुरुवातीला शंका काढल्या त्याचं कारण आता सांगतो. धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात केंद्रातून घरी येतोय आणि त्याला कोच सुचवलाय. हो म्हणण्याआधी त्या कोचला किंवा केंद्राला आम्ही काय विचारावं?

पाऊलखूण

पहिलं म्हणजे भावाला विचारा की त्याला कोच हवाय का. घरच्यांनी नेमलेला कोच त्याला पहारेकरी वाटेल.

मग कोचला विचारा: प्रशिक्षण कुठे घेतलं, आणि तुमच्या कामावर देखरेख कोण करतं? दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर थांबा. स्वतः किती काळ सोबर आहात हेही विचारायला संकोचू नका. चांगला कोच न चिडता सांगेल. तुम्ही स्वतः घसरलात तर माझ्या भावाचं काय, हे विचारा. त्याची व्यवस्था आधीच ठरलेली असायला हवी: काम थांबवायचं, भावाला खरं सांगायचं आणि दुसऱ्या कोचकडे सोपवायचं. डॉक्टरांच्या औषधांबद्दल त्यांचं मत काय ते ऐका. "आमच्याकडे गोळ्या चालत नाहीत" म्हणणाऱ्याकडे भावाला देऊ नका. खात्री देतो, शंभर टक्के सुटेल, असं म्हणणाऱ्याकडेही नको. व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के सांगतात. दमा आणि रक्तदाबाच्या आजारातही ते याच पट्ट्यात किंवा त्याहून जास्त असतं. तिथे कुणी खात्री मागत नाही, देतही नाही.

भेटी आठवड्यातून किती, कुठे, फोनच्या वेळा काय, घरच्यांना काय कळेल आणि काय नाही, हे सगळं भावाच्या समोर बोला, त्याच्या पाठीमागे नको.

आणि पटलं नाही तर भावाला दुसरा कोच मागता येईल का, हे नक्की विचारा. स्पष्ट "हो" मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.